रुमालाखालची बोटं

३ ऑक्टोबर १९७४, गुरुवार

औषध कंपनीनं जानेवारीत दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरी पडली होती. आज लिहायला घेतली, कारण मला अधिकार मिळाला आहे. दसऱ्याच्या प्रदर्शनात जे पाळणेवाले, जादूवाले, खेळवाले येतात त्यांतलं लोकांना काय दाखवायचं आणि काय नाही, हे ठरवणाऱ्या करमणूक समितीवर मला घेतलं. खरं तर नाव आमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांचं होतं. "मला वेळ नाही, आमच्या कंपाउंडरला घ्या," म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. असो. गुरांच्या बाजारात निम्मे लोक मलाच डॉक्टर म्हणतात आणि मीही दुरुस्त करत बसत नाही.

बायकोला सांगितलं. भागूबाई म्हणाली, "म्हंजे बेबीला पाळण्यात फुकट बसाया मिळंल का?" अधिकाराचं वजन हिला कळायचं नाही.

समितीत कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका पद्माबाई आहेत. फार शिस्तीच्या. आमची थोरली विशाखा त्यांच्याच शाळेत अकरावीला आहे, त्यामुळे त्यांच्यासमोर मला उगीच पालकासारखं बसावं लागतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

युसूफ पिंजाऱ्यानं यंदा नवीन काढलं आहे. बाप मोहियोद्दीन होता तोवर घरोघर गाद्या भरायचं काम चालायचं. आता ते कमी झालं, तर या पठ्ठ्यानं उरल्या कापसाच्या आणि चिंध्यांच्या हातात घालायच्या बाहुल्या केल्या आणि तंबू मागितला. खेळाचं नाव 'नवरीचा बाजार'. बाईमाणसांचे आवाज त्याची आई अमिनाबी पडद्यामागून काढते. समितीनं आधी बघून यावं म्हणून आज आम्हाला बोलावलं होतं.

खेळ असा. नवरामुलाचा बाप, पोट कापसानं गच्च भरलेलं, मुलगी बघायला येतो. येतो तो थेट बैल घ्यायला आल्यासारखा. नवरीचं तोंड उघडून दात मोजतो. चालवून बघतो. वेणी उचलून शेपटासारखी झटकतो. "लाथ मारती का? वैरण किती खाती?" असं विचारतो. मुलीचा बाप प्रत्येक सवालाला नुसती मान हलवतो. मग दोघं सौदा करायला बसतात, आणि बाजारात दलाल जसे रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, म्हणजे बाजूच्याला आकडा कळू नये, तसाच एक रुमाल त्या दोन बाहुल्यांच्या हातांवर पडतो. बाहुल्यांना बोटंच नाहीत, तरी रुमालाखाली जी वळवळ चालते ती बघून हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मधेमधे पहिल्या रात्रीचं चावट बोलणं आहे, नवऱ्याच्या बापाचा पोट बिघडल्याचा आवाज आहे. ते सगळं इथं लिहीत नाही, डायरी घरात पडलेली असते.

बाहेर आल्यावर युसूफला दोन चुका सांगितल्या. एक, 'चार दाती' म्हणतो आणि मोजतो आठ. दुसरी, मुलीच्या बापाची मान फार सैल शिवली आहे, सारखी खाली पडते.

युसूफ म्हणाला, "दात का सुधारतो साब. मान बराबर है."

कारागिराला चूक दाखवलेली आवडत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बैठक झाली. पद्माबाई म्हणाल्या, "खेळ चांगला आहे, पण तो मोठ्यांचा आहे. मुलांना आत सोडू नका."

मी विचारलं, "काहून बाई? बाहुल्याच तर हायेत."

"बाहुल्या आहेत म्हणूनच. हेच एखाद्या फडात माणसांनी केलं असतं तर आयांनी मुलं घरी ठेवली असती. बाहुली दिसली की आपण मुलाला उचलून पुढं बसवतो, आणि आत काय बोलतात ते बघतसुद्धा नाही."

मला चेव आला. मी म्हटलं, लेकरं बाहुलीचं डोकं आपटलं की हसतात, घरी जाऊन विसरतात. अर्थ आपण मोठी माणसं काढतो. आपण लहानपणी सोंगाड्यांची भारूडं पाहिली, शिमग्यात काय काय ऐकलं, आपलं काय वाकडं झालं? त्यांना कळतच नाही, तर बिघडणार काय? सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चांगलं बोलतो हे मला आज कळलं.

पद्माबाईंनी एवढंच विचारलं, "तुमच्या मुलींना न्याल?"

"पहिल्या रांगेत बसवतो."

ठरलं. मुलांना अर्धं तिकीट.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

विशाखाला स्थळ आलं. जळबा खंदारे. पूर्वी गुरांचा व्यापार करायचे, आता वसमत रस्त्याला शेती आणि पिठाची गिरणी. मुलगा वसमतला मास्तर आहे. आपल्या समाजात असं घर मिळणं सोपं नाही. मी त्यांना बाजारातून ओळखतो, त्यांनी माझ्याकडून बैलांना टोचून घेतलं आहे. विहारात साध्या पद्धतीनं लग्न करू म्हणाले, थाटमाट नको. मला हायसं वाटलं.

एकच अडचण. त्यांना मार्गशीर्षात उरकायचं आहे आणि विशाखाची मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये. खंदारे म्हणाले, "परीक्षा काय, कवाबी देता येती." खरंच आहे. वय विचारलं, मी सांगितलं, एप्रिलमध्ये अठरा पुरी होईल.

घरी चुलीजवळच सांगून टाकलं. विशाखा भाकरी करत होती. काही बोलली नाही, म्हणजे राजी आहे. आज भाकरी मात्र करपली होती. तव्याखाली जाळ फार झाला असेल.

भागूबाई म्हणाली, "तिला इचारा तरी."

"विचारलं की. ती कुठं नको म्हणाली?"

पोरगी गुणाची आहे. एक खोड आहे तेवढी, माझी जनावरांच्या रोगांची पुस्तकं घेऊन बसते आणि मला घटसर्पावर प्रश्न विचारते. सासरी गेल्यावर सुटेल.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काल प्रदर्शन सुरू झालं. आज घरच्यांना घेऊन 'नवरीचा बाजार' बघितला, शब्द दिल्याप्रमाणे पहिल्या रांगेत. तंबू खचाखच भरला होता, निम्मी लेकरंच.

बेबी आठ वर्षांची. शाळेत नाव संघमित्रा, पण तशी हाक मारली तर दुसऱ्या कुणाला बोलावलं म्हणून ती मागं वळून बघते. ती पोट धरून हसली. चावट जागा आल्या तेव्हा मी तिच्याकडं लक्ष ठेवून होतो. तिला काहीच कळलं नाही, ती शेजारच्या पोरीच्या फुग्याकडं बघत होती. माझंच म्हणणं खरं ठरलं. रुमालाचा सौदा आला तेव्हा मात्र तिनं विचारलं, "बाबा, रुमाल काहून टाकला?"

मी सांगितलं, "लोकांना भाव कळू नये म्हणून. चारचौघांत आकडा बोलला तर अब्रू जाते."

"असं व्हय," म्हणाली आणि गप्प बसून बघत राहिली.

विशाखा एकदाही हसली नाही. नवरीला चालवत होते तेव्हा ती खाली पायांकडं बघत होती. समंजस पोरगी, असल्या उथळ गोष्टींत मन घालत नाही. भागूबाईचं उलटं. सगळे दात मोजण्याला हसतात, आणि ही बापाची मान पडली की पदर तोंडाला लावून हसते. दर वेळी.

२० ऑक्टोबर, रविवार

काय लिहू. लिहिल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

मंडळी दुपारी आली. खंदारे, मुलगा, मुलाचा मामा, आत्या. सतरंज्या टाकल्या होत्या, चिवडा-चहा झाला. शेजारच्या बायका दारात दाटून उभ्या. विशाखा निळं पातळ नेसून आली, पाटावर बसली. नाव विचारलं, सांगितलं. आत्यानं डोईवरचा पदर बाजूला करून केस बघितले. खंदारे म्हणाले, "जरा चालून दाखीव बाई." ती उठली, भिंतीपर्यंत गेली, परत आली. दारातल्या बायकांत खसखस पिकली. का ते मला तेव्हा कळलं नाही.

मग मुलीला आत पाठवलं आणि खंदारे माझ्याजवळ सरकले. माझा हात हातात घेतला, आवाज उतरवला. "पाईकराव, देण्याघेण्याचं आपल्यात न्हाई. पर पोराच्या शिक्षणाचा खर्च लई झाला. समजून घ्या." मी मान हलवली.

तेवढ्यात आतून बेबी आली. दोन्ही हातांवर घडी घातलेला रुमाल, जणू पानाचं तबक घेऊन आली आहे. आमच्या समोर बसली, घडी उलगडली आणि आम्ही धरलेल्या हातांवर तो रुमाल नीट पसरला. कोपरे ओढून सरळ केले. आणि खंदाऱ्यांना म्हणाली, "आता बोला."

दारातल्या बायका वाकून बघायला लागल्या. आणि मग जे झालं ते फक्त मला आणि खंदाऱ्यांना माहीत आहे. आयुष्य बाजारात गेलेला माणूस. रुमाल पडला तशी त्यांची बोटं सवयीनं हलली आणि त्यांनी माझी बोटं धरली. आकडा सांगितला. आणि मी, मी इतकी वर्षं त्या बाजारात उभा राहतो, शेतकऱ्यांसाठी मध्यस्थी करतो, माझीही बोटं आपसूक वळली आणि मी एक बोट कमी करून उत्तर दिलं.

दोघांनी एकदमच हात काढून घेतले, पण रुमाल हलला तो सगळ्यांनी पाहिला. आधी दारातली एक बाई हसली, मग सगळ्या. मुलाचा मामासुद्धा हसला. मुलगा मान खाली घालून बसला होता, त्याचे कान लाल झाले होते. आत भांडं पडल्याचा आवाज आला. खंदारे उठले, पायात वहाणा सरकवल्या, म्हणाले, "घरी बोलावून टिंगल करून राहिले व्हय," आणि गेले.

२१ ऑक्टोबर, सोमवार

बेबीवर हात उगारला होता, मारलं नाही. विचारलं, असं का केलंस. ती रडत रडत म्हणाली, "तुमीच म्हनले, रुमाल न्हाई टाकला तर अब्रू जाती. तुमी उघड्यावरच धरला हात. समदे बघून राहिले होते."

तिला खरंच वाटलं की लग्नात असंच करतात आणि घाईत मी रुमाल विसरलो. माझी लाज राखायला आली होती. याच्यावर काय बोलायचं.

"रुमाल कुठून आणला?"

"मीच आनला," म्हणाली आणि विशाखाकडं बघितलं. विशाखा तांदूळ निवडत होती, तिनं वर पाहिलं नाही. रुमाल विशाखानंच भरलेला, कोपऱ्यात वेलबुट्टी, तिच्या पेटीत असतो. पेटीला कुलूप असतं. उघडी राहिली असेल.

दोष खेळाचा आहे. लेकराच्या डोक्यात नको ते भरवलं आणि पोरीचं चांगलं स्थळ घालवलं. अजून राग गेलेला नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर पद्माबाईंना भेटलो. म्हटलं, तुम्ही म्हणत होता तेच खरं, मुलांना आत सोडायला नको होतं. हकिकत गावभर झालीच होती. वाटलं होतं, 'मी सांगितलं होतं' म्हणून टोला देतील. तसं काही केलं नाही. खुर्ची पुढं केली.

म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, मुलांना कळत नाही. मी म्हणाले, कळतं. कळलेलं वाईटच असतं असं मी म्हणाले नव्हते."

"मंग नको काहून म्हणत होता?"

"कळल्यानंतर त्यांना त्याच घरात राहावं लागतं, म्हणून. मोठा माणूस हसून सोडून देतो. मुलाला ते खरं वाटतं, आणि खरं वाटलेलं घेऊन ते कुठं जाणार?" मग विचारलं, "विशाखा परीक्षेला बसणार ना? फॉर्म भरायचे आहेत."

मी म्हटलं, बघू. बाई हुशार आहेत, पण संसार केलेला नाही. त्यांना मुलीच्या बापाची तकलीफ काय कळणार?

२३ ऑक्टोबर, बुधवार

खंदाऱ्यांचा निरोप घेऊन मामा आला होता. राग थोडा उतरला आहे. म्हणणं असं, की चूक तुमच्या घराची नाही, त्या खेळाची आहे, हे गावाला कळलं पाहिजे. समितीनं लहान मुलांना तिथं बंदी घालावी म्हणजे आमचं नाक राहील. मग पुढं बोलू, मार्गशीर्ष अजून यायचा आहे.

माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी तातडीची बैठक बोलावली आणि बंदी मीच सुचवली. परवा-परवापर्यंत उलटं बोलणारा मीच, पण कुणी तोंडावर बोललं नाही. वय किती धरायचं यावर थोडा वेळ गेला. कुणी बारा म्हणालं, कुणी चौदा. मी म्हटलं, टाकीजवर 'केवळ प्रौढांसाठी' पाटी असते तिथं अठरा धरतात, आपणही अठरा धरू, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही. मंजूर झालं. पाटीही मीच लिहून देतो म्हणालो, माझं अक्षर बरं आहे.

पद्माबाईंनी हात वर केला नाही. 'तुम्हाला हवं तेच झालं ना' म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मला यासाठी नको होतं."

२४ ऑक्टोबर, गुरुवार

निर्णय सांगायला तंबूत गेलो. युसूफ बाहुल्यांच्या अंगावरची धूळ झटकत होता. ऐकून तो झटकतच राहिला. अमिनाबी मागून आली. म्हातारी आहे, पण आवाज पडद्यामागं असतो तसाच खणखणीत.

"साब, मरद लोगां अकेले बाहुली देखने नई आते. बच्चा जिद करता तब घर के सब आते. बच्चा बंद, तो खेल बंद."

मी म्हटलं, "अमिनाबी, हे लेकरांच्या समोर दाखवण्यासारखं नाही."

ती म्हणाली, "हौ, चावट बातां हैं, निकाल देते. आजच निकाल देते. पन तुम उसके वास्ते नई बोल रहे."

मी तंबूच्या दाराकडं बघितलं. तीच पुढं म्हणाली,

"लडकी देखने का काम तुमारे घर में दार बंद करके होता क्या? बच्चे वहींच बैठते ना? वो चलता. हमारी चिंधी की बाहुली नई चलती."

मी म्हटलं, समितीचा निर्णय आहे, माझ्या एकट्याचा नाही. हे खोटं होतं. ती हसली नाही, चिडली नाही, बाहुल्या पेटीत ठेवायला लागली. परत येताना मला चहा घ्यावासा वाटला नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार, दसरा

दरवर्षी आजच्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर असतो. यंदा समितीमुळं गेलो नाही. सकाळी अंगणात पाटी लिहायला बसलो. फळी काळी रंगवून वाळवली होती. अक्षरं सरळ यावीत म्हणून विशाखानं खडूनं रेघा आखून दिल्या. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. ती फूटपट्टी धरायची, मी ब्रश चालवायचो. बेबी शेजारी बसून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती. लिहायचं होतं, 'अठरा वर्षांखालील मुलामुलींना प्रवेश नाही.'

'मुलामुलींना' लिहून झालं तेव्हा विशाखानं विचारलं, "बाबा, म्हंजे लेकरं ना? बेबीएवढी?"

मी म्हटलं, "अठराच्या आतली सगळी. कायदा म्हणजे कायदा."

"मंग मी बी न्हाई."

"तू बी न्हाई. तुला कुठं आवडलं होतं तसंही?"

ती थोडा वेळ रेघ आखत राहिली. मग विचारलं, "आन् लगीन कवा धरलंय?"

"मार्गशीर्षात," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणाली आणि पुढच्या ओळीची रेघ आखायला वाकली.

माझा हात थांबला. ब्रशमधला रंग फळीवर ओघळला तरी मला पुसायचं सुचलं नाही. तिनं टोमणा मारला नव्हता, तिच्या तोंडावर काहीही नव्हतं. तिला तारीख हवी होती, तिनं विचारली. पाटीवरचं वय आणि लग्नाचा महिना, दोन्ही मीच सांगितले, एकापाठोपाठ एक, आणि माझ्याच तोंडून बाहेर पडेपर्यंत मला ते शेजारी शेजारी कधी दिसले नव्हते. चिंध्यांच्या नवरीचे दात मोजताना बघायला जी पोर लहान आहे, तिला मी दीड-दोन महिन्यांत खरोखर देऊन टाकणार होतो. मला फार लाज वाटली. मुलीसमोर बसून इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

भागूबाई दारातून बघत होती. म्हणाली, "रंग वाळून राहिला."

'प्रवेश नाही' एवढं लिहायचं राहिलं. मी उठलो आणि हात धुतले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

खंदाऱ्यांकडे जाऊन आलो. गिरणीत होते, पिठानं पांढरे झालेले. मी म्हटलं, मुलीची मॅट्रिक होऊ द्या, अठरा पुरी होऊ द्या. मग तिला विचारून सांगतो.

"कुणाला इचारून?" त्यांना वाटलं गिरणीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पट्टा बंद केला. म्हणाले, "पाईकराव, पोरीला इचारून कोन देतं? आमी उपकार करून राहिलो. गावभर हसं झाल्यावर बी यायला तयार हौत. हे स्थळ गेलं तर दुसरं येनार न्हाई, आत्ताच सांगतो." धमकी नव्हती ती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मलाही वाटतं. परतीच्या रस्त्यात सायकलवरून उतरून दोनदा उभा राहिलो. वळून जावं आणि चुकलं म्हणावं, असंही मनात आलं. हे लिहून ठेवतो, कारण पुढं मागं मी फार शूर होतो असं मला वाटायला लागेल.

तिथून समितीच्या मांडवात गेलो. म्हटलं, बंदी उठवा, मी चुकलो होतो. चावट बोलणं काढायला अमिनाबी तयार आहे, तेवढं काढा आणि लेकरांना आईबापांसोबत येऊ द्या. अध्यक्ष हसायला लागले. "डॉक्टरसाहेब, तुमचं रोज एक औषध. आता चारच दिवस राहिले, राहू द्या." पाटी त्यांनी कालच पेंटरकडून दुसरी करून घेतली होती. माझ्यापेक्षा चांगली झाली आहे. पद्माबाई एकट्या माझ्या बाजूनं बोलल्या, पण दोघांचं कोण ऐकतं?

युसूफच्या तंबूत एक बाकडं भरेल एवढी माणसं होती. खेळ झाला नाही. अमिनाबीला सांगितलं की स्थळ मोडलं, आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी का क्या करूं साब, उसका तिकीट नई लगता." मग विचारलं, "लडकी कैसी है?" मी म्हटलं, बरी आहे. मला खरं माहीत नव्हतं. सोमवारी ते गाशा गुंडाळणार.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज विशाखाला सांगितलं, खंदाऱ्यांचं राहू दे म्हणून आलो. ती पुस्तक घेऊन बसली होती. तिनं पान दुमडलं, पुन्हा सरळ केलं. रडली नाही, हसली नाही. रुमालाचं मी तिला विचारलं नाही. पेटीची किल्ली तिच्याच गळ्यात असते हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. विचारायचं नाही असं ठरवलं आहे.

मग मी म्हटलं, "तुला काय करावं वाटतं?"

तिला कळलंच नाही. "कशाचं?"

"पुढचं. तुझं."

ती माझ्याकडं बघत राहिली, एखादा परका माणूस दारात उभा असावा तसं. मग आईकडं बघितलं. भागूबाई चुलीकडं तोंड करून बसली होती, पण हातातली फुंकणी थांबली होती. 

विशाखा म्हणाली, "उद्या सांगते, बाबा."

मी म्हटलं, "सांग. घाई न्हाई."

२८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दवाखान्यात एका गायीला टोचताना सुई वाकवली. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, तब्येत बरी नाही का. मी काही नाही म्हटलं. दिवसभर घड्याळाकडं बघत होतो. जळबा खंदाऱ्यांच्या उत्तरासाठी थांबलो होतो तेव्हा काळजी होती, पण भीती वाटली नव्हती. आज भीती वाटते आहे. ती काय मागेल ते मला देता येईल की नाही, ठाऊक नाही. तिला काय हवं असेल याचा अंदाज करायला बसलो, तर सतरा वर्षं एका घरात राहूनही मला काही सांगता येईना.

आत्ता घरी आलो आहे. ती परसात पाणी भरते आहे. लिहिणं थांबवतो, ती इकडेच येते आहे.